तीनशे एकावी खुर्ची

काकांनी प्रमाणपत्रावर सही केली. स्वच्छ अक्षरात, तारखेसह, पेन आधी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर चालवून बघून. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे उगाच कोणाचा जीव टांगणीला लागायला नको.

आता ही सही झालेलीच नाही असं धरून चाला. सही नाही, प्रमाणपत्र कोरं आहे, आणि काका गोदामात उभे आहेत. ते बसत का नाहीत, तेवढंच सांगायचं आहे.

मी विद्यापीठात 'व्यवसायातील तंत्रज्ञान आणि माहितीप्रणालींचे व्यवस्थापन' हा विषय शिकतो. नाव एका दमात म्हणता येत नाही, त्यामुळे आमच्या घरात ते कोणी म्हणत नाही. आई पाहुण्यांना सांगते, "कॉम्प्युटरचं काहीतरी आहे, पण दुरुस्त करता येत नाही त्याला." हे ती इतक्या समजूतदार आवाजात सांगते, की पाहुणे माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघतात आणि जाताना तब्येतीला जप म्हणतात. इमारतीतल्या बहुतेक बिऱ्हाडांनी मला आपापला प्रिंटर दाखवला आहे. मी प्रत्येकाला शांतपणे सांगितलं की मी प्रिंटर दुरुस्त करत नाही. संस्थेला प्रिंटर हवा की नको हा निर्णय संस्थेने कसा घ्यावा, ते मी शिकतो. तेव्हापासून लोक मला 'सिस्टिम' म्हणतात. "सिस्टिम, जरा बाजूला हो, जिना पुसायचाय."

शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. एखादा चालू धंदा शोधायचा, त्याला माहितीप्रणाली बसवायची आणि मालकाकडून प्रमाणपत्र आणायचं. प्रमाणपत्रात दोनच वाक्यं छापलेली असतात. 'सदर प्रणाली वापरात आहे.' 'प्रणालीचा अहवाल वस्तुस्थितीशी जुळतो.' खाली मालकाची सही. सही नसेल तर तोंडी परीक्षा नाही, परीक्षा नाही तर पदवी नाही, आणि पदवी नसेल तर आईकडे पाहुण्यांना सांगायला आहे तेवढंही वाक्य उरत नाही.

वर्गातल्या बाकीच्यांनी कारखाने धरले, बँका धरल्या. मी काकांना धरलं, कारण काका मला नाही म्हणू शकत नाहीत. म्हणजे म्हणतात, पण काकू म्हणू देत नाही.

काका खुर्च्या भाड्याने देतात. लोखंडी, घडीच्या, तपकिरी. लग्न असो, सभा असो, कोणी गेलेलं असो. धंद्याविषयी त्यांचं एकच मत आहे: माणूस सुखात असला काय आणि दुःखात असला काय, पाय दुखतातच. दर वर्षी ते गोदामातल्या एकूण एक खुर्चीला स्वतः रंग देतात आणि प्रत्येकीच्या पाठीवर साच्याने स्वतःचं नाव उमटवतात. त्यामुळे आमच्या भागात कोणी कुठेही बसला तरी उठल्यावर त्याने काकांच्या नावाला पाठ टेकलेली असते.

माल मोजण्याची त्यांची पद्धत माझ्या एकाही पाठ्यपुस्तकात नाही. गोदामाला एकच खिडकी आहे. घडी केलेल्या खुर्च्या भिंतीला टेकवत टेकवत रांग लावली, की शेवटच्या खुर्च्या खिडकीसमोर येतात आणि उजेड बंद होतो. उजेड येत असेल तर माल अपुरा. अंधार झाला की माल पूर्ण. "अंधार पडला की कुलूप लावायचं," काका म्हणाले. "यात मोजण्यासारखं काय आहे?"

माझ्या प्रकल्पात 'विद्यमान पद्धतीतील त्रुटी' असं एक प्रकरण होतं. ते मी एका बैठकीत लिहून काढलं.

"काका, खुर्च्या एकूण किती?"

"तीनशे."

"नक्की?"

"अरे, पैसे मोजून घेतल्यात. तुझा जन्मही झाला नव्हता."

मी क्रमांक छापलेले तीनशे स्टिकर करून आणले आणि एकेका खुर्चीला चिकटवायला घेतले. काका शेजारी एका खुर्चीवर बसून चहा पीत होते आणि वाकडा लागलेला स्टिकर दाखवत होते. हे दृश्य नीट बघून ठेवा. काका बसलेले पुन्हा लवकर दिसणार नाहीत.

"काका, एक उरली."

"काय उरली?"

"खुर्ची."

"मोजायला चुकलास तू."

"मी मोजलंच नाही. स्टिकर संपले."

"मग छापणारा चुकला."

आम्ही सगळे स्टिकर काढले आणि दुसऱ्या टोकाकडून पुन्हा लावत आलो. स्टिकर पुन्हा संपले आणि पुन्हा एक खुर्ची उरली. मात्र या वेळी ती वेगळीच खुर्ची होती. काकांनी आधी उरलेली खुर्ची ओढून या खुर्चीशेजारी ठेवली. दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या पाठीवर काकांचं नाव.

"आता यातली जादा कोणती?"

"तसं बघितलं तर कोणतीही, काका."

"कोणतीही म्हणजे?"

"म्हणजे इथल्या सगळ्यांपैकी कुठलीही एक."

काकांनी आपण बसलो होतो त्या खुर्चीकडे वळून पाहिलं. "मी बसलो होतो ती पण?"

"शक्यता नाकारता येत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला वर्गात शिकवलेलं आहे. ते मी वर्गातच ठेवायला हवं होतं. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्या दिवसापासून ते गोदामात उभे राहू लागले. दुसऱ्याच्या खुर्चीवर, न विचारता, ते आयुष्यात बसले नव्हते. आणि आता विचारायचं कोणाला हेच कळत नव्हतं.

म्हणजे त्यांना कळत होतं. ते काकूने सांगितलं.

पूर्वी काका आणि मंडपवाले जोडीने कामं घेत. मंडप त्यांचा, खुर्च्या काकांच्या. दोघे लहानपणापासूनचे दोस्त. मंडपवाल्यांची माणसं वर कापड बांधायला चढायची, त्यासाठी त्यांच्या स्वतःच्याही थोड्या लोखंडी खुर्च्या असत. एकदा शाळेचा मोठा समारंभ झाला, खुर्च्या गोदामात गेल्या आणि मंडपवाले म्हणाले, "माझी एक खुर्ची तुझ्यात गेली बघ." काकांनी गोदामात जाऊन पाहिलं. बरोबर अंधार होता. ते शाळेत परत आले आणि चार लोकांत म्हणाले, "माझ्या गोदामात दुसऱ्याची खुर्ची निघाली तर धंदा बंद करीन." तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. परिणाम असा झाला की आमच्या भागात मंडप असतो तिथे लोक सावलीत उभे असतात, आणि खुर्च्या असतात तिथे लोक उन्हात बसलेले असतात. दोन्ही एकत्र मिळालेला कार्यक्रम माझ्या पिढीने पाहिलेला नाही.

"आणि आता तुझ्या कॉम्प्युटरने ती खुर्ची काढली," काकू म्हणाली. "बघ बाबा, काय करतोस ते."

काकांनी ठरलेली दोन कामं परत पाठवली. "कोणाची वस्तू मी भाड्याने देऊ?" असं ते उभ्याउभ्या म्हणाले. गोदामाला कुलूप लागलं. कॉम्प्युटर नव्हता तोपर्यंत जो धंदा एक दिवसही थांबला नव्हता, तो मी प्रणाली बसवल्याबरोबर बंद पडला. आमच्या अभ्यासक्रमात याला 'बदलाला होणारा प्रारंभिक विरोध' म्हणतात.

माझ्यापुढे आता दोन अडचणी होत्या. काकांचा शब्द ही मोठी, आणि माझं प्रमाणपत्र ही माझी. बंद धंद्याला 'वापरात आहे' असं लिहून देता येत नाही. शिवाय प्रणालीही ऐकेना. त्यात खुर्चीसाठी चार रकाने होते: बाहेर गेली, परत आली, मोडली, हरवली. सापडली असा रकाना नव्हता. प्रणालीच्या दृष्टीने या जगात वस्तू फक्त कमी होऊ शकतात. मी एक खुर्ची वाढवायला गेलो, तर पडद्यावर लाल अक्षरं आली आणि खरेदीची पावती मागू लागली.

मी मार्गदर्शक मॅडमकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला.

"प्रणाली तुम्हीच तयार केलीत ना?"

"हो, मॅडम. विभागाच्या नमुन्याप्रमाणे."

"मग नमुना बदलता येणार नाही. विभागाने मंजूर केलेला आहे."

"पण मॅडम, खुर्ची प्रत्यक्षात आहे."

"अहवाल वस्तुस्थितीशी जुळला पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "अहवाल तर बरोबर आहे. तुम्ही वस्तुस्थिती बघा."

हे मी गंभीरपणे घेतलं. मी सगळंच गंभीरपणे घेतो, ही माझ्या स्वभावातली त्रुटी आहे.

तोवर इमारतीत बातमी पसरली होती. समोरच्या घरातले निवृत्त ऑडिटर खास चप्पल घालून आमच्याकडे आले. त्यांचं घर आमच्या दारापासून हातभर आहे, तरी कामाचं बोलायचं असलं की ते चप्पल घालतात.

"जादा निघणं हे कमी निघण्यापेक्षा वाईट," ते बाबांना म्हणाले. "कमी निघालं तर तुमच्याकडे चोरी झाली. जादा निघालं तर तुम्ही केली."

"अहो, एक खुर्ची," आई म्हणाली.

"वहिनी, सुरुवात एकीपासूनच होते."

बाबांनी पेपर वर धरला. ऑडिटर माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सिस्टिम, चार रकान्यांतला शेवटचा कोणता म्हणालास?"

"हरवली."

"मग झालं तर." ते उठले. "मी काही बोललो नाही. मी आलोच नव्हतो."

मी काकूकडून किल्ली घेतली, एक खुर्ची बाहेर काढली आणि ती हरवायला निघालो. इथे एक खुलासा करतो. वस्तू हरवणं जितकं सोपं तितकंच ती मुद्दाम हरवणं कठीण आहे. मी ती बसथांब्यावर ठेवली आणि वळून न बघता घरी आलो. मी पोचायच्या आधी ती पोचली होती. कंडक्टर दारात उभा होता. "काकांची दिसली," तो म्हणाला. "कोणी उचलून नेईल म्हणून बसमध्ये घेतली. तिकीट नाही लावलं." मी बागेत ठेवली. माळ्याने ती धुऊन परत दिली आणि एक पाय जरा डगमगतोय, तेवढा बघा, अशी सूचना केली.

चोरांवरचा माझा विश्वास उडाला. शेवटी मी ती सरकारी दवाखान्यात नेली आणि बाहेरच्या रुग्णांच्या रांगेत इतर खुर्च्यांमध्ये ठेवून दिली. तिथे इतकी माणसं असतात आणि प्रत्येकाला स्वतःचं इतकं दुखत असतं, की खुर्चीच्या पाठीवरचं नाव कोण वाचणार?

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा शिपाई हातगाडी घेऊन गोदामापाशी आला. काका बाहेर उभेच होते. हातगाडीवर दोन खुर्च्या होत्या.

"काका, तुमची एक काल आमच्याकडे राहिली," शिपाई म्हणाला. "ती न्यायला घेतली तर कोपऱ्यात ही दुसरी पण निघाली. तुमचंच नाव आहे. केव्हाच्या त्या रक्तदान शिबिरात राहिली असेल. माफ करा हां, उशीर झाला."

दुसरी खुर्ची खरंच काकांची होती. रंग जुना, साचाही जुना. तिच्यावर एक पोपडा होता, त्यावरून काकांनी बोट फिरवलं आणि मग ते माझ्याकडे बघत राहिले. गणित त्यांनी माझ्याआधी केलं होतं.

"माझी एक इतकी वर्षं तिकडे होती," ते हळूच म्हणाले. "म्हणजे आत माझ्या तीनशे नव्हत्याच. एक कमीच होती. म्हणजे..."

"म्हणजे दुसऱ्याच्या दोन, काका."

काकांनी हातगाडीच्या दांड्याला धरलं. बसायची फार गरज होती, आणि आजूबाजूला तीनशेहून जास्त खुर्च्या होत्या. लोक जितक्या प्रामाणिकपणे आमच्या खुर्च्या परत आणत होते, तितके काका चोर ठरत चालले होते.

मी धावतपळत दवाखान्यात गेलो आणि भांडारबाबूंना म्हणालो की ती दुसरी खुर्ची तुम्ही परत घ्या. त्यांनी घाबरून खिडकीची काच ओढून घेतली आणि तिच्या फटीतून बोलले.

"अजिबात नको. आमच्या प्रणालीत वर्षभर एक खुर्ची जादा दाखवत होती. आज पहिल्यांदा जुळलं. तुमच्याच विभागाच्या मुलाने बसवली आहे प्रणाली. विशेष प्रावीण्य मिळालं त्याला."

परत आलो, तर काका दोन खुर्च्या दोन्ही खाकोटीला मारून निघाले होते. काकू दारात उभी होती.

"अहो, निदान आधी निरोप तरी पाठवा."

"कशाला? चोराने निरोप पाठवून जायचं असतं?"

"मग याला तरी सोबत न्या."

"यानेच तर काढलं सगळं," काका म्हणाले, पण मला नको म्हणाले नाहीत. मी एक खुर्ची मागितली, ती त्यांनी दिली नाही. सगळा रस्ता ते ती दोन ओझी स्वतःच घेऊन चालले. बसथांब्यापाशी कंडक्टर मदतीला धावला, त्यालाही त्यांनी हाताने थांबवलं. धंदा बंद करून काका दुसरं काय करतील याचा मी विचार करत होतो. त्यांना दुसरं काहीच येत नाही. त्यांना लोकांना बसवता येतं.

मंडपवाले अंगणात दोऱ्यांचा गुंता सोडवत बसले होते. काकांना बघून त्यांनी हात थांबवला, पण उठले नाहीत.

काकांनी दोन्ही खुर्च्या उघडून त्यांच्यासमोर ठेवल्या आणि शाळेत उभं केल्यासारखे बाजूला उभे राहिले.

"तू म्हणाला होतास एक," काका म्हणाले. "दोन निघाल्या. तुझं खरं होतं, माझं खोटं होतं. धंदा बंद केलाय."

मंडपवाल्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं. मग दोऱ्यांकडे.

"दोनच होत्या," ते म्हणाले.

"काय?"

"दोन गेल्या होत्या माझ्या. पण दोन म्हटलं असतं तर तू मला लबाड म्हणाला असतास. म्हणून एकच म्हणालो. म्हटलं, एक तरी पटेल."

"अरे, मग नंतर सांगायचंस!"

"नंतर तू बोलत होतास कुठे?"

काका पुन्हा मूळ मुद्द्यावर आले. "ते काही असो. शब्द दिला होता मी. दुसऱ्याची निघाली तर बंद करीन म्हणालो होतो."

"कोणाला म्हणालास?"

"तुला! सगळ्यांसमोर!"

"मी नव्हतो तिथे," मंडपवाले म्हणाले. "मी मागच्या बाजूला दोऱ्या सोडायला गेलो होतो. परत आलो तर तू गेलेला. मला आज कळतंय तू काहीतरी शब्दबिब्द दिलास ते."

"तुला माहीत नव्हतं? मग तू का बोलत नव्हतास?"

"तू बोलत नव्हतास म्हणून."

मग मंडपवाल्यांनी पायाने एक खुर्ची काकांकडे सरकवली. "बस. माझी आहे. मी सांगतोय."

काका बसले. इतक्या दिवसांनी पाठ टेकल्यावर त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी अहवालात नोंदवू शकलो नाही. मंडपवाले दुसऱ्या खुर्चीवर बसले. मला कोणी बस म्हणालं नाही आणि खुर्चीही नव्हती, त्यामुळे मी दोऱ्यांचा गुंता सोडवायला घेतला. दोघे आधी गुडघ्यांविषयी बोलले, मग भाड्याच्या दरांविषयी, मग एकमेकांच्या चुका काढू लागले. तेव्हा मला वाटलं की आता निभावलं.

"या दोन घेऊन मी काय करू?" निघताना मंडपवाले म्हणाले. "दोन माणसांच्या कार्यक्रमाला मंडप लागत नाही. ठेव तुझ्याकडेच. आणि माझ्या बाकीच्याही घेऊन जा, गंजतायत नुसत्या. परवा एक मोठं काम आहे माझ्याकडे. लोक उभे राहून कंटाळलेत."

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून गोदामातल्या सगळ्या खुर्च्यांवरचे माझे स्टिकर ओले करून नखाने खरवडून काढले. मी विरोध केला.

"काका, मग कोणाची कोणती ते कसं कळणार?"

"ते कळायला नको म्हणूनच काढतोय," काका म्हणाले.

"सिस्टिम, तू चांगला मुलगा आहेस," मंडपवाले म्हणाले. "जरा ते फडकं पिळून दे."

आणि मग काकांनी सही केली. आधी सांगितलेली सही ती हीच. पण आपल्या हातून पुन्हा काही खोटं जायला नको म्हणून त्यांनी सही करण्यापूर्वी छापलेली दोन्ही वाक्यं खोडली आणि खाली लिहिलं: 'प्रणाली बंद केली आहे. फार उपयोग झाला.' मंडपवाल्यांनी त्याखाली, कोणी सांगितलेलं नसताना, साक्षीदार म्हणून सही ठोकली.

मॅडमनी प्रमाणपत्र दोनदा वाचलं.

"प्रणाली वापरात आहे की नाही?"

"नाही, मॅडम."

"अहवाल जुळतो?"

"नाही. आता खुर्च्या किती आहेत हे कोणालाच माहीत नाही."

"मग उपयोग कसला झाला?"

मी मान वळवून बाहेर बघितलं. मॅडमच्या खिडकीतून मैदान दिसतं. तिथे विद्यापीठाच्या कसल्याशा समारंभाची तयारी चालली होती. पांढऱ्या कापडाखाली तपकिरी खुर्च्यांच्या रांगा लागत होत्या, आणि दोन म्हातारे दोऱ्या आणि रांगा सोडून एकमेकांना कामं सांगत होते. मी मॅडमना ते दाखवलं. मॅडमनी पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "हे मूल्यमापनात बसत नाही. सही धरता येणार नाही."

विद्यापीठाच्या लेखी ती सही झालेलीच नाही. म्हणून मी रीतसर अर्ज केला आहे. त्याची प्रत विभागाच्या सूचनाफलकावर लावायला कोणी तयार नसल्याने इथे देतो:

प्रति, माननीय अध्यक्ष, परीक्षा समिती. विषय: प्रकल्पाचे फेरमूल्यमापन करण्याबाबत. महोदय, अर्जदाराची प्रणाली अल्पकाळ चालून बंद पडली, हे अर्जदारास मान्य आहे. तथापि, ती बंद पडण्यापूर्वी न बोलणारे दोन गृहस्थ ती बंद पडल्यानंतर बोलू लागले असून अद्याप थांबलेले नाहीत. ही बाब प्रणालीची निष्पत्ती समजून तिला योग्य ते गुण देण्यात यावेत. खातरजमा करणे आवश्यक वाटल्यास समितीने सर्व सदस्यांसह कोणत्याही कामाच्या दिवशी गोदामास समक्ष भेट द्यावी व दोघांच्या मध्ये थोडा वेळ बसावे. बसण्याची व्यवस्था भरपूर आहे. मात्र कोणत्याही सदस्याने येताना स्वतःची खुर्ची सोबत आणू नये, ही नम्र विनंती.